बिनपत्त्याच्या म्हातारीला आधी सोडा

जळगाव,
शनिवार, ११ मे १९९६

प्रिय धुळे,

(पाकीट सुनबाईने फोडलं असेल तर तिच्या माहितीसाठी: हे पत्र गावाला नाही, तिच्या सासूला आहे. टेलिफोन खात्याच्या ट्रंक बोर्डावर सव्वीस वर्षं मी हिला 'धुळे' म्हटलं आणि हिने मला 'जळगाव'. हिचं नाव द्रौपदाबाई वाघ आहे हे मला चौथ्या वर्षी कळलं, आणि तोवर सवय मोडण्याची वेळ निघून गेली होती.)

माझा जयभीम. तुझा रामरामही मीच इथे लिहून टाकते, म्हणजे तुझ्याकडून तेवढं तरी आल्यासारखं होईल. गुडघे कसे आहेत? 'बरे आहेत.' मोतीबिंदू काढलेला डोळा? 'छान दिसतं, सुईत दोरा ओवते.' या मंजुळाची आठवण येते का कधी? 'अगं, रोज.' बघ, किती सोपं आहे. संक्रांतीपासून मी तुला चार पत्रं पाठवली, पहिल्यात तिळगूळ होता, आणि त्या चारही पत्रांची उत्तरं अशी माझी मीच देऊन घेतली आहेत. माणूस एकटं राहतं तेव्हा त्याला दोन्ही बाजूंनी बोलता यावं लागतं.

भुसावळच्या कॉन्व्हेंटात सिस्टर ॲग्नेस आम्हाला पत्रलेखन शिकवायच्या. त्यांचं म्हणणं, तक्रार तिसऱ्या परिच्छेदाच्या आधी करू नये आणि करायची तर हातमोजे घालून करावी. हा तिसरा परिच्छेद आहे, आणि जळगावात आज पारा पंचेचाळीसवर आहे, तेव्हा हातमोज्यांचं राहू दे. चार पत्रांशिवाय मी तुला सात वेळा फोन केला. सकाळी नऊला केला, दुपारी बाराला केला, संध्याकाळी पाचला केला. सातही वेळा तुझी सून. नाव कोकिळा, आणि गाणं एकच: 'आई बऱ्या शेतस. आत्तेच जपेल शेतस.' आत्ताच झोपल्या! सातही वेळा आत्ताच! एक तर तू कुंभकर्णाच्या घराण्यात दत्तक गेली आहेस, नाही तर मी काहीतरी बोलले आहे ज्याचा तुला राग आला आहे. मी गेल्या वर्षभरात काय काय बोलले ते सगळं आठवून पाहिलं. रागावण्यासारखं बरंच निघालं, पण त्यात नवीन काही नव्हतं.

असो. माझी हकिगत सांगते. तुला ती ऐकायची आहे की नाही हे कळायला मार्ग नसल्यामुळे सविस्तर सांगते.

तुला माहीत आहे, निवृत्तीनंतर मी इथल्या केळी उत्पादक संघाच्या हापिसात टेलिफोनचा बोर्ड सांभाळते, दहा ते दोन. (लोक विचारतात, या वयात कशाला? मी सांगते, घरात मी, एक पोपटाचा रिकामा पिंजरा आणि पंखा, आणि पंखा बोलतो तेवढंच. पोपट गेला, त्याला मी शुद्ध बोलायला शिकवलं होतं, त्याचा त्याला त्रास झाला असावा.) काम सोपं आहे. सवयीने मी अजून तीन मिनिटांनी लोकांच्या बोलण्यात 'तीन मिनिटं झाली' म्हणून सांगते. रावेरचे बागायतदार घाबरून फोन ठेवतात आणि मग आपण खासगी फोनवर बोलत होतो हे आठवून मला शिव्या देतात.

या संघात एक जुनं यंत्र आहे. ८६ साली आलं, कपाटाएवढं आहे, आणि सगळे त्याला 'म्हातारी' म्हणतात. (माझ्यासमोर म्हणतात आणि मग माझ्याकडे बघून जीभ चावतात. त्यामुळेच जास्त वाईट वाटतं.) रावेर-यावलहून केळीचे ट्रक भरून निघतात ते धुळ्याला, तुमच्या आग्रा रोडवरच्या संघाच्या डेपोत थांबतात. तिथे पडद्यावर या म्हातारीचा हुकूम उमटतो, हा ट्रक वाशीला, तो कल्याणला, आणि चिठ्ठी छापून निघाली की ट्रक सुटतो. जळगावहून धुळ्याला त्यासाठी टेलिफोन खात्याकडून कायमची घेतलेली एक तार आहे. नऊ वर्षं त्या तारेवर म्हातारी एकटी बोलत होती आणि सगळं सुरळीत होतं.

मग गेल्या वर्षी नवे कॉम्प्युटर आले, आणि तेही त्याच तारेवरून बोलायला लागले. नव्यांचं बोलणं कसं असतं तुला ठाऊक आहे. पोटभर. आमचे चेअरमन आधारआबा यांचा फेटा घातलेला फोटो वार्षिक अहवालासाठी धुळ्याच्या छापखान्यात जायचा होता, तो या तारेवरून पाठवला. पाऊण तास लागला. नुसता तुरा जायलाच दहा मिनिटं लागली असतील. आणि त्या पाऊण तासात धुळ्याच्या डेपोतला पडदा जो गोठला तो गोठलाच. सहा ट्रक उन्हात उभे. केळं हे फळ तुझ्यामाझ्यासारखं नाही, ते वाट बघत नाही.

तेव्हा पुण्याहून एक इंजिनिअर बोलावला. मगन भंगाळे. मूळचा यावलचा, चाळिशी उलटलेला, कपाळ मोठं, आवाज लहान. त्याने एक चपटा डबा आणला आणि तो माझ्याच खोलीत ठेवला, कारण तार तिथे येते. त्या डब्याला गरम सोसत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी खोलीत कूलर आला. मी तीन उन्हाळे कूलरसाठी अर्ज करते आहे. त्या डब्याने एकही अर्ज केला नव्हता.

डब्याच्या नावावरून पहिल्याच दिवशी वाजलं. मगन म्हणाला राऊटर. मी म्हटलं, रूटर. रूट म्हणजे मार्ग. राऊट म्हणजे सैन्याची दाणादाण, आणि असा उच्चार करणाऱ्या मुलीला सिस्टर ॲग्नेसने बाकावर उभं केलं असतं. तो म्हणाला, अक्का, अमेरिकेत असंच म्हणतात. मी म्हटलं, अमेरिकेत केळं सालीसकट शिजवत असतील, आपण शिजवायचं का? एवढ्यात आधारआबा डबा बघायला आले. ते त्याला रोटर समजले. डब्याभोवती एक फेरी मारून, हात मागे बांधून त्यांनी विचारलं, 'हाई रोटर कितला हॉर्सपॉवरनं शे?' मगनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आबा, पाण्याचं नाही, बोलण्याचं आहे. आबा म्हणाले, 'मंग तुम्हाले काय कमी व्हतं?' चेअरमन आहेत म्हणून सोडून दिलं.

आता मगनने मला जे समजावलं ते तुला समजावते. तुला ते माझ्यापेक्षा लवकर समजेल, कारण बोर्डावर तू नेहमीच माझ्यापेक्षा हुशार होतीस. (हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हा सुपरवायझर मागे उभी असायची.) नवे कॉम्प्युटर जे बोलतात त्यातल्या प्रत्येक चिठ्ठीवर पूर्ण पत्ता असतो: गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा. डबा पत्ता वाचतो आणि रस्त्याला लावतो. पण म्हातारीच्या बोलण्यावर पत्ताच नसतो. तिच्या काळात सगळे एकाच घरात राहायचे, त्यामुळे ती नुसती हाक मारते, 'अय द्रौपदा!' आणि जी द्रौपदा असेल तिने ओ द्यायची. अशा बिनपत्त्याच्या हाकेला मार्ग दाखवता येत नाही. तिच्यासाठी डब्यात पूल बांधावा लागतो. या तीरावरची हाक आहे तशी उचलायची आणि त्या तीरावर आहे तशी सोडायची.

आणि म्हातारीची दुसरी खोड म्हणजे तिला धीर नाही. काम असो नसो, दर थोड्या वेळाने ती विचारते, 'आहेस का?' तिकडून 'आहे' आलं की गप्प. उत्तर आलं नाही की पुन्हा विचारते, पुन्हा विचारते, आणि मोजून इतक्या वेळा झालं की पलीकडचं मेलं असं समजून लाइन तोडते. आबांच्या तुऱ्यामागे तिची ही इवलीशी हाक अडकून पडायची, आणि धुळं जिवंत असूनही ती धुळ्याला मेलेलं धरायची. मगन हे सांगताना हसला. मी हसले नाही. तुला आठवतं ना, सुपरवायझर मागे येऊन उभी राहिली की आपल्याला बोलता यायचं नाही, तेव्हा मी पेन्सिलीने माउथपीसवर दोनदा टकटक करायची, आणि तू उलट दोनदा? 'आहेस का? आहे.' शब्द एकही नाही. ६८ च्या पुरात सगळ्या लाइनी बसल्या आणि एकच उरली, तेव्हा पहाटेपासून दुपारपर्यंत आपलं तेवढंच चाललं होतं. त्या म्हातारीला वेडी म्हणणाऱ्याला मी वेडा म्हणेन.

मगन म्हणाला, यावर उपाय आहे. डब्यात चार रांगा करता येतात. पहिल्या रांगेत कुणी उभं असेल तोवर दुसरीतला हलत नाही, दुसरीत कुणी असेल तोवर तिसरीतला नाही, आणि चौथी म्हणजे चौथी. कोणी कुठल्या रांगेत उभं राहायचं याची यादी डब्याला लिहून द्यायची. मी म्हटलं, बाळा, यात तू मला काय शिकवतोस? लाइटनिंग, अर्जंट, ऑर्डिनरी. सव्वीस वर्षं मी कॉलची तिकिटं याच क्रमाने लावली आहेत. तो खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला, आणि मला सांगायला हरकत नाही, दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी विचारण्यासाठी माझ्या शेजारी बसलं होतं.

पण यादी करायची म्हणजे सभा आली. सभेत पहिली रांग कुणाची यावर चर्चा झाली. आधारआबा म्हणाले, 'मनं पहिले जावाले पाहिजे.' त्यांचं काय? तर जे असेल ते. सेक्रेटरी म्हणाले, पत्रव्यवहार पहिला. वाहतूक खातं म्हणालं, आमचा तक्ता पहिला. सभासद-नोंदणीवाले म्हणाले, सभासद हाच संघाचा राजा. म्हातारीच्या वतीने बोलायला कुणी नव्हतं, कारण तिचं काम सगळ्यांचंच होतं. मगन गरीब माणूस, त्याने सगळ्यांची नावं लिहून घेतली. आपल्याकडे जिल्हा कचेरीतून पत्र आलं की त्यावर 'तातडीचे' असा शिक्का असायचा, आठवतं? मग सगळ्याच पत्रांवर आला. मग 'अति तातडीचे' आला. मी बोर्डावर असताना एका साहेबाने घरून डबा मागवायला लाइटनिंग कॉल लावला होता, आणि तू त्याला सांगितलंस, साहेब, वीज पडायला अजून दोघांचा नंबर आहे. सभेत मी ही गोष्ट सांगितली. कुणी हसलं नाही. ते साहेब आता आमच्या संघाचे सल्लागार आहेत हे मला नंतर कळलं.

मगनने यादी केली. पत्त्यापत्त्याने केली: अमुक पत्त्याचं पहिल्या रांगेत, तमुक पत्त्याचं दुसऱ्या. मान सगळ्यांचा राखला, आबांना पहिल्या रांगेत ठेवलं आणि त्यांचे फोटो तेवढे हळूच तिसऱ्या रांगेत सरकवले. (गरीब आहे, मूर्ख नाही.) शेवटी एक ओळ उरते. ज्याचं नाव यादीत कुठेच नाही त्याला कुठे उभं करायचं? मगनने विचार केला, यादीत ज्याचं नावच आलं नाही ते महत्त्वाचं कसं असेल? आणि लिहून टाकलं, उरलेले सगळे चौथ्या रांगेत.

तुझ्या लक्षात आलं असेलच. त्याच्या आलं नाही, माझ्याही आलं नाही, आणि तू शेजारी असतीस तर आलं असतं. म्हातारीला पत्ता कुठे आहे? तिचं नाव पत्त्यांच्या यादीत येणार कसं? ज्या बाईसाठी एवढा घाट घातला, पुण्याहून माणूस आणला, कूलर आणला, सभा भरवली, तीच सगळ्यांच्या मागे चौथ्या रांगेत जाऊन उभी राहिली. रेशनच्या दुकानात होतं तसंच. ज्याला खरी गरज आहे त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा नसतो.

सोमवारी दहाला डबा चालू केला. दहा वाजून चार मिनिटांनी धुळे डेपोतल्या झिपरू अहिरेचा फोन. (झिपरू तिथला कारकून. शांत माणूस आहे, पण त्याच्या मागे चौदा ट्रकवाले होते आणि ते शांत नव्हते.) 'अक्का, पडदा काळा व्हई गया. बठ्ठा ट्रक उभा शेतस.' बाराला फोन आला, 'अक्का, आते ड्रायव्हर लोके पत्ते खेळी राह्यनात.' एकला आला, 'अक्का, मालनी वास येवाले लागना.' इकडे नव्या कॉम्प्युटरांचं मात्र उत्तम चाललं होतं. वाहतूक खात्याचा तक्ता क्षणात धुळ्याला पोचला. तक्त्यात लिहिलं होतं, आज ट्रक वेळेवर सुटले. दाणादाण या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात ते मी वर लिहिलंच आहे. म्हणजे मगनचाच उच्चार बरोबर ठरला, आणि मी त्याला तसं सांगितलंही. बिचारा डब्याची तार काढून पुन्हा लावत होता, जसं आपण रडणारं मूल उचलून पुन्हा तिथेच ठेवतो.

मी माझ्या बोर्डावरून बघत होते. मला तंत्र कळत नाही, पण रांगेत कोण राहिलं ते मला कळतं. मी विचारलं, मगन, म्हातारीचं तिकीट कुठल्या खणात टाकलंस? तो म्हणाला, पत्ता... आणि थांबला. मग कपाळावर हात मारला. कपाळ मोठं असल्यामुळे आवाज मोठा आला. मी विचारलं, पत्त्याऐवजी पुलाचं नाव सांगून रांग देता येते का? पुलावरून येणारी जी असेल ती, कुणीही असो, पत्ता विचारू नका, आधी सोडा? तो म्हणाला, येते, एका ओळीत येते. म्हटलं, मग सरक. आणि ती ओळ मी माझ्या हाताने टाइप केली. इंग्रजीत होती, पाच शब्दांची. स्पेलिंग त्याला विचारावं लागलं नाही. दीड वाजता झिपरूचा फोन आला, मागे चौदा इंजिनांचा आवाज, आणि मी तुला शपथेवर सांगते, ट्रंक बोर्ड बंद झाल्यापासून इतकं गोड काही मी ऐकलं नव्हतं.

आबांनी विचारलं, म्हातारीला पहिले सोडलं तर आमचं अडणार नाही का? मगन म्हणाला, नाही आबा, ती बोलते किती? दोन शब्द. 'आहेस का' आणि 'आहे'. तिला आधी सोडलं म्हणून कुणाचं काही जात नाही. हे वाक्य मी मागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे. ते घरोघरी लावावं अशा मताची मी आहे.

इथे हकिगत संपायला हवी होती. पण मगन उत्साहात आला. म्हणाला, अक्का, काही जुन्या यंत्रांसाठी याहून भारी सोय असते. म्हातारीची हाक धुळ्यापर्यंत न्यायचीच नाही. तिने 'आहेस का' विचारलं की इथल्या इथे डब्यानेच 'आहे' म्हणून सांगायचं. तिचं समाधान होतं, तार मोकळी राहते. मी विचारलं, आणि धुळ्याला खरंच काही झालेलं असलं तर? तो म्हणाला, तेवढ्यात काय होतंय अक्का. मी विचारलं, म्हणजे खोटं? तो म्हणाला, खोटं नाही, सोय.

मी त्याला त्या दिवशी जे शब्द बोलले ते सिस्टर ॲग्नेसच्या शाळेत शिकलेले नव्हते. आपल्या भाषेतले होते. बोलून झाल्यावर मला कळलं की मी त्याला बोलतच नव्हते. 'आई बऱ्या शेतस. आत्तेच जपेल शेतस.' विचारलं जळगावने, उत्तर दिलं दारातल्या डब्याने, आणि धुळ्यापर्यंत हाक गेलीच नाही. सात वेळा. मगनने मला पाणी दिलं. म्हणाला, अक्का, नाही करत. म्हातारीला खरंच उत्तर येऊ दे. उशिरा आलं तरी चालेल.

तर असं आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. मला कशाची कमी नाही, वेळ तर मुळीच कमी नाही. कळावे असं फारसं काही उरलं नाही. कळवावे असं मात्र पुष्कळ असेल, तुझ्याकडून.

तुझी (राग आला असला तरी),
जळगाव

ता. क. यंदा ज्वारीच्या बिबड्या वाळवल्या असतील तर पाठव. नसतील पाठवायच्या तर तसं कळव, म्हणजे मी बाजारच्या आणून त्यांना नावं ठेवायला मोकळी.

ता. क. २. म्हातारी जूनअखेर काढणार आहेत. तिच्या जागी नवं, पूर्ण पत्त्याचं यंत्र येणार. म्हणजे एवढी सगळी यातायात सात आठवड्यांची. मगनला विचारलं, मग माझ्या ओळीचं काय? तो म्हणाला, ती डब्यात तशीच राहील अक्का, पुढे येणाऱ्याला ती कशासाठी आहे ते कळणार नाही, म्हणून कुणी पुसणार नाही. पहिली रांग कायम मोकळी, आणि तिच्यात उभं राहायला कुणी नाही.

ता. क. ३. आता खरं लिहिते. झिपरूला मी बुधवारी तुझ्या घरी पाठवलं होतं. काल त्याने सगळं सांगितलं. संक्रांतीच्या आठवड्यात तुला लकवा मारून गेला, उजवा हात गेला आणि बोलणंही. कळतं सगळं. ओसरीवर बसतेस, भाजी डाव्या हाताने निवडतेस आणि कुणी चुकीची निवडली तर डोळे वटारतेस. आणि मंजुळाला कळू द्यायचं नाही, ती ओरडेल, हेही तूच खुणेने सांगितलंस म्हणे. (कोकिळा, हे पत्र तूच मोठ्याने वाचते आहेस हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. वर तुला डबा म्हटलं ते पुसत नाही, कारण खोडलेलं पत्र तुझ्या सासूला आवडत नाही. पण सात वेळा मनाविरुद्ध खोटं बोललीस, तिच्या शब्दासाठी. तू डबा नाहीस, तू पूल आहेस. आता वाच पुढे.) मी ओरडले की नाही? चार पानं ओरडले. म्हटलं, तुला नेहमीची जळगाव आधी मिळू दे, बाकीची नंतर.

उद्या नको, पत्र पोचायला हवं. पुढच्या रविवारी, एकोणीस तारखेला, सकाळी दहा वाजता मी फोन करेन. पी. पी. कॉल समज: दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही, फक्त तुझ्याशी. कोकिळा रिसीव्हर तुझ्या कानाला लावेल. मी बोलेन, तू ऐक. मधे मधे मी थांबेन, तेव्हा डाव्या हाताच्या नखाने माउथपीसवर दोनदा टकटक कर. हात लगेच उचलला नाही तरी घाई करू नकोस. मी त्या म्हातारीसारखी मोजून लाइन तोडणार नाही. आणि तीन मिनिटं झाली असंही म्हणणार नाही.